मांयच्या डोक्यातलं वहीत कसं उतरवायचं

जुलै 2018 मध्ये माझ्या सासूबाई मागच्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या. आम्ही सगळे त्यांना मांय म्हणतो. पायरीला शेवाळ धरलेलं, वरून पाऊस. खुब्याचं हाड मोडलं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि पुढे 11 दिवस मांय तिथेच होती. घरी माझा दीर. तेव्हा तो 30 वर्षांचा होता. घरात त्याला बाबू म्हणतात, इथेही तेवढंच नाव पुरे. बाबू स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे.

मी लग्न होऊन माशेलला आले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. बाबू मला चांगला कळतो असं मला वाटायचं. पण पहिले दोन दिवस तो जेवलाच नाही. सकाळची पेज मी अगदी मांयसारखी केली: उकड्या तांदळाची, तशीच दाट, वर तोराच्या, म्हणजे कोवळ्या कैरीच्या, लोणच्याची फोड. त्याने वाटी सरकवली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोलत बसला. तिसऱ्या दिवशी वॉर्डात फोन लावला. मांय भूल आणि गोळ्यांच्या गुंगीत होती, तरी लगेच म्हणाली, "पेजेवर लोणचं घालू नको गो. झाकणात दे. खार पेजेत उतरला की तो हात लावत नाही."

मी लोणचं डब्याच्या झाकणात वाढलं. त्याने दोन वाट्या पेज खाल्ली.

त्या संध्याकाळी मी 100 पानी वही घेऊन मांयच्या खाटेशेजारी बसले आणि विचारलं, "आणखी काय काय?" तीन संध्याकाळी ती सांगत होती, मी लिहीत होते. 14 पानं भरली. तीस वर्षं हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात होतं, आणि ती बाई पायरीवरून घसरली तर घरातला एक माणूस उपाशी राहत होता. तुमच्या घरात मोठा झालेला स्वमग्न मुलगा, भाऊ, दीर असेल तर ही वही आजच सुरू करा. आम्ही कशी केली ते सांगते.

वही कुठली, लिहायची कशी

कागदाचीच वही घ्या. फोनमध्ये लिहिलेलं ज्याच्या हातात फोन त्यालाच दिसतं. आमची वही स्वयंपाकघरात खिडकीजवळ खिळ्याला टांगलेली असते, पेन दोरीला बांधलेलं. शेजारची बाई जरी तासभर थांबली तरी तिला ती काढून वाचता आली पाहिजे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तरी सुरुवातीला मीही चूक केली. पहिल्या पानावर लिहिलं, "आंघोळीच्या वेळी हट्ट करतो." हे वाचून नव्या माणसाला काय कळणार? मांयने ते वाक्य खोडायला लावलं आणि स्वतः सांगितलं: "पाणी डोक्यावर ओतायच्या आधी पायावर ओतायचं. मग गुडघ्यावर. तीन तांबे झाले की तो स्वतः डोकं पुढे करतो." असं लिहायचं. स्वभावाला नाव ठेवायचं नाही. डोळ्यांना दिसतं ते आणि आपण काय करायचं ते, एवढंच. "हट्टी", "चिडका", "ऐकत नाही" हे शब्द वहीत आले की समजा तिथे कोणीतरी बघायचं थांबलं.

दिवसाच्या क्रमानेच लिहा, पहाटेपासून. आमच्याकडे दिवस पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने सुरू होतो. साधारण सव्वासहाला सायकलचा पों पों आवाज वळणावर आला की बाबू फाटकाजवळ पिशवी घेऊन उभा. चार उंडे, म्हणजे गोल पाव. पैसे तोच देतो, सुटे आदल्या रात्री पिशवीत घालून ठेवायचे. उंडे घरात आले की टोपलीत ठेवायचे, फडकं टाकायचं, मगच चहा.

आता पोदेर आला नाही तर? हे वहीत सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीचा क्रम कुणीही लिहील. क्रम मोडला तर काय, ते लिहिलं पाहिजे. पोदेराची सुट्टी आधी ठाऊक असेल तर आदल्या संध्याकाळी कॅलेंडरवर त्या तारखेवर बाबूच्या हातून फुली मारून घ्यायची आणि एकदाच, सरळ सांगायचं: "उद्यां पोदेर ना", म्हणजे उद्या पोदेर येणार नाही. अचानक आला नाही तर फ्रीजरमध्ये चार उंडे कायम असतात, ते काढून गरम करून त्याच टोपलीत, त्याच फडक्याखाली. फाटकाजवळ मात्र सात वाजेपर्यंत थांबू द्यायचं, ओढून आत आणायचं नाही. सात वाजले की भिंतीवरचं घड्याळ दाखवायचं. घड्याळाचं तो ऐकतो. माणसाचं ऐकण्यापेक्षा त्याला ते सोपं जातं, कारण घड्याळ रोज एकाच सुरात बोलतं.

त्याचा शब्दकोश

बाबू बोलतो, पण त्याची वाक्यं बहुतेक कुठून तरी ऐकलेली असतात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं स्वमग्नतेत बऱ्याच जणांत दिसतं. लहानपणी लोक त्याला पोपट म्हणायचे. ती वाक्यं उसनी आहेत हे खरं, पण अर्थ त्याचा स्वतःचा आहे. तो शोधायला वेळ लागतो, आणि एकदा सापडला की तो लिहून ठेवायलाच हवा.

सासरे हयात असताना रविवारी त्याला कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने पणजीला नेऊन आणायचे. त्यामुळे त्याची निम्मी भाषा कंडक्टरची आहे. वहीतलं एक पान असं आहे:

"पणजे पणजे पणजे": बाहेर जायचंय. फाटकापर्यंत फेरी मारली तरी चालते.

"गाडी फुल्ल": खोलीत माणसं किंवा आवाज जास्त झालेत. लगेच मागच्या पडवीत न्या. पाच मिनिटांत नेलं तर पुढचं टळतं.

"फुडें वच रे": माझ्या अंगाशी येऊ नकोस. दोन पावलं मागे व्हा.

"सुटे दी": काहीतरी हवंय, काय ते सांगता येत नाही. दोन वस्तू दाखवा, तिसरी नको.

"लास्ट स्टॉप": थकलाय. किंवा ताप आहे. कपाळाला हात लावून बघा.

शेवटची ओळ लिहायला आम्हाला दोन वर्षं लागली. तो "लास्ट स्टॉप" म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पुढे एकदा यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, थर्मामीटर लावून बघितला तर 102.

त्याला विचारताना "काय झालं?" असं विचारू नका. तो प्रश्न फार मोठा आहे. "पोट की डोकं?" विचारा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण दोन सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारतो आणि त्याची जुळत आलेली वाक्यं विस्कटतात. हे मोजणं मला सगळ्यात जड गेलं. शिक्षिकेला शांतता सहन होत नाही.

अंगाचं पान

हे पान ठळक अक्षरात लिहा आणि घरातल्या सगळ्यांकडून वाचून घ्या.

2021 च्या सुमारास बाबू टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटायला लागला. रात्री झोप नाही, कुणी जवळ गेलं की ढकलणं. ज्यांना दाखवलं त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की या मुलांचं असंच असतं, आणि झोपेची गोळी वाढवली. तीन आठवडे गेले. तो दिवसभर सुस्त आणि रात्री पुन्हा टेबलापाशी. मांयनेच एका दुपारी बघितलं की तो उंडा एकाच बाजूने चावतोय. खालची दाढ मुळापर्यंत किडली होती. दाढ काढली आणि चार दिवसांत आपटणं बंद झालं. त्या तीन आठवड्यांबद्दल मला अजून वाईट वाटतं. तो रोज बोट ठेवून दाखवत होता, फक्त बोटाऐवजी टेबल वापरत होता.

तेव्हापासून वहीत नियम आहे. वागणं अचानक बदललं की आधी अंग तपासायचं: दात, कान, पोट साफ झालं का, लघवी करताना त्रास, ताप, नवी चप्पल, कपड्याचं लेबल. हे सगळं बघून झाल्यावरच मनाचा विचार. स्वमग्नता घालवणारं औषध नाही. चिडचिड किंवा झोपेसाठी जी औषधं देतात त्यांनी गुण येऊ शकतो, पण काहींनी वजन आणि साखरही वाढते. म्हणून डोस, सुरू केल्याची तारीख आणि दर महिन्याचं वजन त्याच पानावर टिपून ठेवा आणि डॉक्टरांसमोर वही उघडून ठेवा. बोलून सांगताना आपण अर्धं विसरतो.

स्वमग्न माणसांत फीट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. बाबूला आजवर दोनदा आली आहे. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको, दाबून धरणं नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

भडका उडतो तेव्हा

त्यावेळी एकच माणूस जवळ राहील, बाकीचे बाहेर. कोण राहील ते आधीच ठरलेलं असावं. आमच्याकडे दिवसा मी, रात्री हे. पंखा चालू, दिवा बंद, मिक्सर-टीव्ही बंद. बोलायचं नाही. "शांत हो" हा सुद्धा एक आवाजच असतो. तो डोक्यावर हात मारत असेल तर उशी मध्ये सरकवायची, हात पकडायचे नाहीत. साधारण वीस मिनिटं लागतात. मग तो स्वतः पाण्याचा तांब्या उचलतो. तिथे ते संपलं. नंतर समजावणं, रागावणं, "बघ मांयला किती त्रास दिलास" हे अजिबात नको. त्याने ते मुद्दाम केलेलं नसतं, आणि झाल्यावर तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त दमलेला असतो.

रात्री निजण्याआधी वहीत तीन ओळी: आधी अर्ध्या तासात काय घडलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. सहा महिन्यांच्या नोंदी मागे वळून बघितल्या तर आमच्याकडे अर्ध्याहून अधिक भडके वीज गेल्यावर इन्व्हर्टर जी शिट्टी घालतो त्याच्या पाठोपाठ होते. इन्व्हर्टर जिन्याखालून काढून बाहेरच्या खोपीत नेला. एवढ्यावर काम झालं.

चवथ, नरकासुर आणि इतर गर्दी

लोक विचारतात, चवथीला बाबूचं काय करता? आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा. भावकीतली चाळीस माणसं. पण चवथ त्याला झेपते, कारण ती दरवर्षी तशीच असते आणि तिच्यात त्याचं काम ठरलेलं आहे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, चिबूड, तोरिंग, सुपारीची कात्रं, नारळाची पेंड, कुठल्या पट्टीला काय बांधायचं हा क्रम त्याच्याइतका कुणाला पाठ नाही. यांनी एकदा चिबूड चुकीच्या जागी बांधला, तर बाबूने न बोलता सोडून हलवला. तो सासऱ्यांच्या हातची माटोळी जशीच्या तशी बांधतो. घुमट, म्हणजे आरतीत वाजवतात ते मातीचं वाद्य, त्याला आवडतं, मी आधी समजत होते की आवाज म्हणजे त्रासच. घुमटाचा ठेका पुढे कुठे जाणार हे त्याला कळतं. टाळ्या आणि फटाके यांचं कळत नाही, म्हणून आरतीच्या शेवटी तो मागच्या पडवीत. पडवीची खोली त्या पाच दिवसांत पाहुण्यांना द्यायची नाही. हे भावकीला ऐकवताना मला पहिल्या वर्षी घाम फुटला होता, पण ऐकवलं.

नरकासुराच्या, म्हणजे दिवाळीच्या आदल्या, रात्री मात्र आम्ही माघार घेतो. रात्रभर स्पीकर. त्या दुपारी हे त्याला घेऊन वाळपईकडे माझ्या माहेरी जातात आणि दिवाळीच्या सकाळी नाश्त्याला परत. कॅलेंडरवर दसऱ्यापासूनच बसचं चित्र काढलेलं असतं. आषाढात देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला असतो तेव्हा तो दूर कट्ट्यावर बसून बघतो. चिखल अंगाला लागलेला त्याला खपत नाही, दुसऱ्यांच्या अंगावर बघायला आवडतो.

तो पुरुष आहे

लोक त्याच्या देखत मला विचारतात, "तो जेवतो का? त्याला कळतं का?" मी सांगते, त्यालाच विचारा, आणि थांबा. तो बाळ नाही. दाढी तो यांच्यासोबत आरशासमोर करतो. न्हाणीघराचं दार बंद असतं, मदत हवी तर आम्ही ठोठावतो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पडलेल्या सुपाऱ्या वेचून, मोजून क्रेटमध्ये भरायचं काम त्याचं. शनिवारी त्याची मजुरी त्याच्या हातात पडते, आणि त्यातून तो पसऱ्यावरून, म्हणजे दुकानातून, तीच ती बिस्किटं आणतो. कुणी म्हणतं जरा वेगळी घे रे. का घ्यायची? पैसे त्याचे.

वहीसुद्धा त्याच्याबद्दलची आहे, म्हणून ती त्याच्यासमोर मोठ्याने वाचली. पेजेच्या पानावर त्याने "झाकणात, झाकणात" म्हणून मान हलवली. न्हाणीच्या पानाशी आले तेव्हा त्याने माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली. ते पान आता वहीत नाही. वेगळ्या पाकिटात, कपाटात, फक्त घरच्या तिघांना ठाऊक.

कागदपत्रं

एक प्लास्टिकची फाइल, वहीच्या शेजारी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. ते प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद एकत्र ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मुलगा 18 वर्षांचा झाला की आई-वडीलसुद्धा कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. मांय धडधाकट असतानाच अर्ज करायला हवा होता, आम्ही तो तिच्या ऑपरेशननंतर केला.

सासरे सरकारी नोकरीत होते. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आई-वडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आई हयात असतानाच दप्तरी लावून घ्या. आणि घरा-कुळागराच्या वाटणीत "त्याला कशाला हिस्सा" म्हणणारा कुणीतरी प्रत्येक कुटुंबात निघतो. गोव्यात आई-वडिलांना आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागाचंच मृत्युपत्र मनाजोगं करता येतं, उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा हक्क आहे. बाबू मुलगाच आहे.

रंगीत तालीम

वही लिहिली म्हणजे झालं नाही. मांय घरात असताना सगळे तिच्याकडेच बघतात, बाबूसुद्धा. म्हणून ती बाहेर गेली पाहिजे. आम्ही एका तासापासून सुरुवात केली: गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात. कॅलेंडरवर पिशवीचं चित्र, परत यायची वेळ घड्याळावर दाखवलेली, आणि ती वेळ मांयने पाळायचीच, मासे मिळोत न मिळोत. मग एक दुपार. मग बहिणीकडे एक रात्र. प्रत्येक वेळी जे अडलं ते वहीत. 2023 च्या कार्तिकीला मांय भजनी मंडळासोबत पंढरपूरला गेली, काठी टेकत. बाबूच्या जन्मानंतर पहिल्यांदा चार दिवस ती घराबाहेर होती, हॉस्पिटल सोडून. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. मी म्हटलं, पेज खाल्ली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

वही दरवर्षी चवथीनंतर नवी लिहा. जुन्या ओळी खऱ्या राहत नाहीत. गेल्या वर्षी मांयची साखर वाढली, मैदा बंद करायला सांगितला. म्हणजे चारांतला एक उंडा कमी आणि त्याऐवजी कोंड्याची पोळी, म्हणजे पोदेराकडचा कोंड्याचा चपटा पाव. पोदेराला आधी सांगून ठेवलं. पहिले दोन आठवडे चार उंडे आणि वर पाचवी पोळी, नुसती टोपलीत पडलेली. नंतर भिंतीवरच्या चित्रात तीन गोल आणि एक चपटा गोल काढला, आणि चौथा उंडा फाटकावरच यांनी घ्यायला सुरुवात केली. तीन सकाळी तो फाटकावर उभाच राहिला, चौथ्या उंड्याची वाट बघत. आम्ही घड्याळ दाखवत राहिलो. सहा आठवडे गेले. सातव्यात एका सकाळी त्याने ती पोळी टोपलीतून उचलली, मांयच्या ताटलीत ठेवली आणि वरून फडकं टाकलं.

वहीत आता लिहिलंय: उंडे 3, पोळी 1. पोळी मांयची, फडकं तिच्यावरही.